जेर-जबर नसलेला कागद: किला गेटजवळच्या उर्दू-फारसी वाचनसेवेचा अनुभव

आमच्या ग्वाल्हेरच्या दानाओलीतल्या वाड्याच्या वाटणीची बोलणी सुरू झाली तेव्हा वकीलसाहेबांनी सगळ्यांत जुना कागद मागितला, आणि काकूंच्या लोखंडी पेटीतून संवत 1948 चा, म्हणजे इसवी सन 1891 चा, बैनामा निघाला. बैनामा म्हणजे खरेदीखत. पेटीतले बाकीचे कागद मोडीत होते आणि ते आबांनी हयातीतच देवनागरीत उतरवून ठेवले होते. हा एक कागद मात्र उर्दूत, तोही शिकस्ता वळणाच्या घाईच्या हातातला असल्यामुळे, चार पिढ्या न वाचताच जपला गेला होता. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून असे कागद आजही पुष्कळ असतील, आणि ते कोणाकडून वाचून घ्यावेत हा प्रश्न अनेकांना पडत असेल, म्हणून मी ज्या सेवेकडून आमचा कागद वाचून घेतला तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

ही सेवा म्हणजे किला गेटजवळच्या एका गल्लीत पहिल्या मजल्यावर असलेली एक खोली आणि तिच्यात बसणारे एक वृद्ध गृहस्थ. पूर्वी ते न्यायालयाच्या आवारात कागद वाचण्याचे आणि नकला करण्याचे काम करीत, त्यामुळे सगळे त्यांना मुन्शीजी म्हणतात, आणि मीही तसेच म्हणेन. त्यांची नात देवनागरी मजकूर संगणकावर उतरवते. दर पानाला 600 रुपये आहे, पाठीमागच्या बाजूला शेरे असतील तर ते वेगळे पान धरले जाते, आणि हे ते काम घेतानाच स्पष्ट सांगतात. कागद ठेवून घेत नाहीत. समोर बसवून त्याची छायाचित्रे काढतात आणि मूळ कागद लगेच परत देतात. हे मला फार आवडले, कारण कागदाच्या घड्या इतक्या जीर्ण झाल्या होत्या की तो दुसऱ्याच्या कपाटात ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

मुन्शीजींकडे जाण्यापूर्वी आम्ही एक चूक केली होती. पुण्याच्या माझ्या भाच्याने कागदाचे छायाचित्र एका ऑनलाइन सेवेला पाठवून दोन दिवसांत टंकलिखित भाषांतर मागवले. ते हाती आले आणि घरात शांतताच पसरली. त्यात लिहिले होते की विक्री करणाऱ्या विधवा बाईंनी आमच्या पणजोबांच्या वडिलांना घराचा ‘आठवा हिस्सा’ दिला. शंभराहून अधिक वर्षे ज्या वाड्यात आमची लग्ने-मुंजी झाल्या, त्याचा आठवा हिस्साच आपला होता की काय, या विचाराने काकूंना रात्रभर झोप लागली नाही. त्याच भाषांतरात पूर्वेच्या हद्दीवर ‘दृढ इच्छा’ होती आणि मोजमापाच्या ओळीत ‘लांबी व विनंती’ असे शब्द होते. ते वाचून कोणालाही शंका यावी, पण आठवा हिस्सा या शब्दांत हास्यास्पद काहीच नव्हते. मुस्लिम वारसा कायद्यात पतीच्या मागे मुले असतील तर विधवेला आठवा हिस्सा मिळतो, आणि कागद एका विधवेचाच होता. चुकीचा अर्थ इतका नेमका बसत होता, म्हणूनच तो घातक होता.

हे कसे घडते ते कळण्यासाठी लिपीची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. अरबी लिपीत आणि तिच्यापासून घेतलेल्या फारसी व उर्दू लेखनात व्यंजने आणि दीर्घ स्वर लिहिले जातात. ऱ्हस्व अ, इ आणि उ यांच्यासाठी अक्षराच्या वर-खाली देण्याच्या खुणा आहेत. त्यांना जबर, जेर आणि पेश म्हणतात. आज वापरात असलेल्या या खुणांचे श्रेय परंपरेने आठव्या शतकातील बसऱ्याचे व्याकरणकार खलील इब्न अहमद यांना दिले जाते. कुराणात त्या कसोशीने दिल्या जातात, मुलांच्या पहिल्या पुस्तकात दिल्या जातात, पण पत्रात, बखरीत, खरेदीखतात कोणी देत नाही, कारण भाषा जाणणारा वाचक त्या मनातल्या मनात भरून घेतो. अरबीत काफ, ते, बे ही तीन अक्षरे जोडली की ‘कतबा’ म्हणजे त्याने लिहिले, ‘कुतिबा’ म्हणजे लिहिले गेले आणि ‘कुतुब’ म्हणजे पुस्तके, या तिन्ही शब्दांचे लिखित रूप एकच होते. फारसीत मीम, रे, दाल लिहिले तर ‘मर्द’ही वाचता येते आणि ‘मुर्द’ म्हणजे मेला असेही. उर्दूत अलिफ आणि सीन या दोनच अक्षरांत ‘इस’ आणि ‘उस’ दोन्ही मावतात, म्हणजे हे आणि ते यांतला फरक कागदावर उमटतच नाही.

आपल्यापैकी ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना वाटेल की यात नवल ते काय, मोडीतही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत. मलाही आधी तसेच वाटले होते. पण मोडीत इकार किंवा उकार निदान दिसतो, तो ऱ्हस्व की दीर्घ एवढाच प्रश्न उरतो. इथे स्वर कोणता हेच वाचणाऱ्याने ठरवायचे असते. अरबी लिपी वापरणाऱ्या सगळ्याच भाषांना हे लागू नाही, हेही मला मुन्शीजींकडूनच कळले: काश्मिरी, उइघुर आणि सोरानी कुर्दी यांनी आपापल्या लेखनात स्वर दाखवण्याची सोय करून घेतली आहे.

आता त्या आठव्या हिश्श्याकडे येते. मूळ शब्द से, मीम, नून या तीन अक्षरांचा आहे. ‘सुम्न’ वाचला तर अष्टमांश, ‘समन’ वाचला तर किंमत. दोन्ही शब्द अरबी, दोन्ही कायद्याच्या भाषेतले, दोन्ही खरेदीखतात येऊ शकणारे. मुन्शीजींनी काचेचे भिंग त्या ओळीवर ठेवले आणि मला शेजारी बोलावून त्या शब्दाच्या आधीची दोन अक्षरे दाखवली, जे आणि रे, म्हणजे ‘जर’. “बेटा, पहले यह देखिए, जर-ए-समन लिखा है,” ते म्हणाले. जर म्हणजे सोने, पैसा. जर-ए-समन म्हणजे विक्रीची किंमत, आणि बैनाम्यातला हा ठरलेला शब्दप्रयोग आहे. पण त्यांनी तेवढ्यावर थांबून निकाल दिला नाही. पुढच्या ओळीत ही रक्कम ‘तमाम व कमाल वसूल पा लिया’ असे होते, म्हणजे पूर्णपणे वसूल झाली. वसूल होतो तो पैसा, घराचा अष्टमांश कोणी वसूल करीत नाही. त्याच्याही पुढे ‘मुबलग चार सौ रुपये कि निस्फ जिसके दो सौ रुपये होते हैं’ असे होते. रकमेत मागाहून कोणी खाडाखोड करू नये म्हणून तिचा निम्मा आकडाही लिहायचा, ही उर्दू दस्तऐवजांतली जुनी रीत आहे, आणि तिच्यामुळे हा सगळा भाग किमतीविषयीच आहे याबद्दल शंका उरली नाही.

तरीही खरी गाठ आणखी वर, तिसऱ्या ओळीत होती, आणि ती सुटताना मी पाहिली ती माझ्या दृष्टीने या सेवेची खरी पावती आहे. त्या ओळीत एकामागून एक दोन शब्द होते: दाल-ये-नून आणि मीम-हे-रे. ऑनलाइन भाषांतरात त्यांचा अर्थ ‘धर्माची मोहोर’ असा दिला होता, म्हणजे पहिला ‘दीन’ आणि दुसरा ‘मुहर’ वाचला होता. दुसऱ्या शब्दाची तीन वाचने मराठी माणसाला फार ओळखीची आहेत, फक्त त्यांचे मूळ लेखन एकच आहे हे आपल्याला माहीत नसते. ‘मुहर’ म्हणजे शिक्का, तीच आपली मोहोर. आंब्याचा मोहोर वेगळा. ‘मिहर’ म्हणजे सूर्य आणि माया, तोच आपल्या मेहेरबानीत आणि मेहेरनजरेत आहे. आणि ‘महर’ म्हणजे निकाहाच्या वेळी पतीने पत्नीला द्यायचे कबूल केलेले धन. पहिल्या शब्दाचेही तसेच: ‘दीन’ वाचला तर धर्म, ‘दैन’ वाचला तर कर्ज. दोन्ही शब्द आपापले दुसरे वाचन सोडून एकत्र आले की ‘दैन-ए-महर’ होते, म्हणजे पतीकडे राहून गेलेली महरची देणी.

हे कळल्यावर सगळा कागद उलगडला. बाईंच्या पतीने महरच्या देण्याच्या बदल्यात हे घर त्यांच्या नावे केले होते. म्हणजे ते त्यांना वारशाने अष्टमांश म्हणून आलेले नव्हते, ते पूर्णपणे त्यांच्या मालकीचे होते आणि त्यांनी ते पूर्णपणे विकले होते. तिसरी ओळ चुकीची वाचली म्हणून सातव्या ओळीतला आठवा हिस्सा खरा वाटत होता. एका चुकलेल्या स्वराने दुसऱ्या चुकलेल्या स्वराला आधार दिला होता. मुन्शीजींनी ही साखळी त्यांच्या टिपणात ओळींच्या क्रमांकांसह लिहून दिली, आणि वकीलसाहेबांना मुख्य उपयोग त्या टिपणाचाच झाला.

टिपण ही या सेवेची सगळ्यांत मोलाची बाजू आहे. आपल्याला तीन गोष्टी मिळतात: मूळ मजकूर शब्दाला शब्द देवनागरीत, त्याचा सोप्या हिंदीतला अर्थ, आणि ज्या ज्या शब्दाचे एकाहून अधिक वाचन संभवते त्यांची यादी, प्रत्येकासमोर निवडलेल्या वाचनाचे कारण. आमच्या एका पानात असे चौदा शब्द निघाले. त्यात ‘मिल्क’ होता, ज्याचे लेखन ‘मुल्क’, ‘मलिक’ म्हणजे राजा आणि ‘मलक’ म्हणजे देवदूत यांच्यासारखेच होते. ‘मेरी मिल्क व कब्जे में’ या ओळीत तो मालमत्ता या अर्थाने आला होता, आणि आपली मिळकत याच घराण्यातली आहे. ‘कुल’ होता, जो ‘कल’ही वाचता येतो. ‘कुल मकान’ म्हणजे संपूर्ण घर, आणि आपल्या कुलमुखत्यारपत्रात तोच कुल आहे. पूर्वेच्या हद्दीवरची ‘दृढ इच्छा’ म्हणजे ‘चाह-ए-पुख्ता’ होती. फारसीत चाह म्हणजे विहीर, पुख्ता म्हणजे पक्क्या बांधणीची. शेजारच्या अंगणात लोखंडी जाळी टाकलेली ती विहीर अजून आहे, लहानपणी आम्ही तिच्यात खडे टाकून आवाज ऐकत असू. आणि ‘लांबी व विनंती’ हे ‘तूल व अर्ज’ होते. इथे तर उच्चारही बदलत नाही, एकाच ‘अर्ज’चे रुंदी आणि विनंती असे दोन अर्थ आहेत. मराठीने त्यांतला विनंतीचा तेवढा घेतला, म्हणून आपल्याला रुंदीचा अर्ज परका वाटतो.

या शेवटच्या प्रकाराबद्दल मुन्शीजी विशेष सावध असतात. लेखन एक, उच्चार जवळजवळ एक, पण भाषा बदलली की अर्थ दुसरा, असे शब्द ते वेगळ्या खुणेने दाखवतात. ‘गुस्सा’ उर्दूत राग आहे आणि फारसीत दुःख. ‘गरीब’ अरबीत परका किंवा विलक्षण. ‘जुलूस’ अरबीत बसणे, फारसी कागदांतल्या कालगणनेत राज्यारोहण, आणि उर्दूत मिरवणूक. ‘दफ्तर’ अरबीत वही, उर्दूत कचेरी, आणि आपल्याकडे ते मुलांच्या खांद्यावर आले. अठराव्या शतकातला फारसी कागद आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा उर्दू कागद यांत तोच शब्द दिसला तरी अर्थ तोच धरू नये, असा त्यांचा आग्रह आहे, आणि कागद हाती घेतल्यावर ते आधी त्याचे वर्ष पाहतात.

शिकस्ता हातामुळे अडचण आणखी वाढते. नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळतात, अक्षरे एकमेकांत वाहत जातात, आणि जुन्या लेखनात शब्दाच्या शेवटी ई दाखवणारी छोटी ये आणि ए दाखवणारी बडी ये यांचा भेद पाळलेलाच असतो असे नाही. आमच्या कागदात बाईंच्या संमती देणाऱ्या अपत्याचा उल्लेख आहे. तो ‘मेरी बेटी’ आहे की ‘मेरे बेटे’? दोन्ही शब्दांच्या शेवटी ये, आणि ती सगळीकडे सारखीच वळवलेली. वाक्याच्या शेवटी ‘थी’ किंवा ‘थे’ पाहून ठरवावे म्हटले तर तिथेही तीच ये. मी समोर बसले होते तेव्हा मुन्शीजी या ओळीवर बराच वेळ थांबले, मग पुढच्या ओळीतल्या नावाकडे गेले आणि त्याच्या आधीचा शब्द त्यांनी बोटाने अक्षर-अक्षर मोजला. तो ‘मुसम्मात’ होता. पुरुषाच्या नावाआधी ‘मुसम्मी’ येते, स्त्रीच्या नावाआधी ‘मुसम्मात’, आणि हे दोन शब्द लेखनात वेगळे आहेत. मुलगी होती. 1891 साली आमच्या घराच्या विक्रीला जिने संमती दिली, तिचा सव्वाशेहून अधिक वर्षांनी मुलगा होता होता राहिला, याचे मला फार समाधान वाटले.

उणिवाही सांगायला हव्यात. काम सावकाश होते. तीन आठवडे सांगितले होते, सहा लागले, आणि मध्ये दोनदा मला स्वतः जाऊन विचारावे लागले, कारण दूरध्वनी बहुतेक वेळा उचलला जात नाही. अर्थाचे हिंदी सोपे असले तरी टंकलेखनात चुका राहतात. आमच्या प्रतीत एका ठिकाणी पश्चिमेऐवजी दक्षिण पडले होते, आणि हद्दीच्या वर्णनात अशी चूक क्षम्य नाही. दाखवताच ती तिथल्या तिथे दुरुस्त करून दिली, पण ज्यांना मूळ लिपीतले एक अक्षरही ओळखता येत नाही त्यांनी चारही दिशा मुन्शीजींकडून तोंडी वाचून घ्याव्यात असे मी आवर्जून सांगेन. मराठीत अर्थ मिळत नाही, तो आपला आपण करावा लागतो. न्यायालयात दाखल करण्यासाठी प्रमाणित भाषांतर हवे असेल तर त्याची व्यवस्था इथे नाही, ती वकिलांमार्फत वेगळी करावी लागते. रकमेचे आकडे कागदाच्या पाठीमागे सियाक पद्धतीत, म्हणजे अरबी संख्यावाचक शब्दांच्या संक्षिप्त खुणांत, लिहिलेले होते. ते मात्र त्यांनी वेगळा आकार न घेता वाचून दिले. जिना अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, त्यामुळे काकूंना घेऊन जाण्याचा विचार मला सोडून द्यावा लागला.

स्वस्तात आणि दोन दिवसांत होणाऱ्या भाषांतराशी या सेवेची तुलना करणाऱ्यांना मी एवढेच विचारेन की त्या भाषांतरात एक तरी शब्द ‘असा किंवा तसा’ म्हणून दिला होता का. आमच्यात दिला नव्हता. प्रत्येक शब्दाला एकच अर्थ आणि तोही ठाम स्वरात. ज्या लिपीत स्वर वाचकाने भरायचा असतो, तिच्यातल्या कागदाचे इतके निःशंक भाषांतर समोर आले की मी आता आधी मूळ शब्द विचारते. ग्वाल्हेरचा आपला लष्कर हा भाग 1810 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढला, त्याचे नाव फारसीतले आणि अर्थ सैन्य. उर्दू हा शब्द तुर्कीतला आणि त्याचाही अर्थ छावणी. आपली घरे दोनशे वर्षे या भाषेच्या शेजारी आहेत, तेव्हा तिच्यात लिहिलेले आपल्याच घराचे कागद नीट वाचून घेण्यासाठी सहा आठवडे थांबणे मला जड गेले नाही. लष्करातल्या किंवा मुरारच्या ज्या घरांत असे कागद आहेत त्यांनी ते छायाचित्रे काढून आधी सुरक्षित करावेत आणि मग निःशंकपणे मुन्शीजींकडे जावे. सकाळी अकरा ते दोन ते नक्की भेटतात, शुक्रवारी नाही.

आमच्या कागदातला एक शब्द अजून मोकळाच आहे. पश्चिमेच्या हद्दीत ‘दीवार इस मकान की’ वाचायचे की ‘दीवार उस मकान की’, म्हणजे मधली भिंत आमची की शेजाऱ्यांची, हे अलिफ-सीनवरून ठरत नाही, आणि आजूबाजूच्या वाक्यांतही त्याला आधार सापडला नाही. मुन्शीजींनी देवनागरी प्रतीत तिथे ‘इस/उस’ असे लिहून समासात ‘कागज से तय नहीं होता’ एवढी नोंद केली आणि त्या शब्दापुरते वाचन द्यायला नकार दिला. शेजारच्या काकांकडेही त्यांच्या घराचा जुना बैनामा आहे असे परवा कळले, आणि येत्या सोमवारी आम्ही दोघे तो घेऊन किला गेटला जाणार आहोत.